ऑटो-डार्क वेल्डिंग हेल्मेट घेताना : माफक पैशांत डोळ्यांची खात्री

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या गावांत लूम आले आणि त्यांच्या पाठोपाठ वेल्डिंगची दुकानेही आली. लूमचा बीडाचा भाग तडकला, बीमचा स्टँड वाकला, शेडचा अँगल तुटला की मालक पहिल्यांदा वेल्डरकडेच धावतो. याशिवाय ग्रिल, शटर, जिने, गच्चीवरच्या टाक्यांचे स्टँड, टेम्पोची बॉडी ही कामे आहेतच. आपल्या समाजातील कितीतरी कारागिरांचे घर या हुन्नरावर चालते. मशीन कोणते घ्यावे, रॉड कोणत्या कंपनीचा चांगला, यावर हे कारागीर तासन् तास बोलतील. डोळ्यांसमोर काय धरावे, हा विषय मात्र क्वचितच निघतो.

कारण उघड आहे. हातात धरायच्या स्क्रीनने एक हात अडकतो. उजव्या हातात होल्डर, डाव्या हातात स्क्रीन, मग जॉब धरायचा कोणी? म्हणून टाके मारताना स्क्रीन बाजूला राहते. कारागीर रॉड जागेवर टेकवतो, डोळे मिटतो आणि टाका मारतो. कोणी बाजारातला काळा चष्मा लावून काम भागवतो. डोक्यावर बसणारे जुन्या पद्धतीचे हेल्मेट घेतले तर हात मोकळा होतो, पण काच खाली केली की पुढे अंधार. रॉड कुठे टेकला हे दिसत नाही आणि टाका भलतीकडेच पडतो. मग मान झटकून हेल्मेट खाली पाडायची सवय लावावी लागते आणि संध्याकाळी मान धरते.

या अडचणीवर उपाय निघाला तो स्वीडनमध्ये. आपोआप काळी होणारी काच बसवलेले स्पीडग्लास हे हेल्मेट १९८१ साली तिकडे बाजारात आले. ठिणगी पडण्यापूर्वी त्यातून सगळे स्पष्ट दिसते आणि ठिणगी पडताच काच काळी होते. पुष्कळ वर्षे हा माल आपल्या छोट्या दुकानदाराच्या आवाक्याबाहेर होता. पुढे चीनमधील कारखान्यांनी असा माल मोठ्या प्रमाणात काढला आणि भाव उतरले. आज मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा ऑनलाइन, हजार-बाराशे रुपयांपासून पंचवीस-तीस हजारांच्या पुढेपर्यंत ऑटो-डार्क हेल्मेट मिळते. लांबून पाहिले तर सगळी सारखीच दिसतात. मग चार-सहा हजार खर्च करू शकणाऱ्या कारागिराने काय पाहून घ्यावे?

आधी प्रकाशाविषयी

वेल्डिंगच्या ठिणगीतून तीन प्रकारचे किरण निघतात. एक, डोळ्यांना दिसणारा लख्ख प्रकाश. दोन, न दिसणारे अतिनील किरण. तीन, न दिसणारे अवरक्त म्हणजे उष्णतेचे किरण. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते, पाणी गळते, दिवा सहन होत नाही, ज्याला आपण 'वेल्डिंग लागली' म्हणतो, ती करामत अतिनील किरणांची. ते बुबुळाचा बाहेरचा थर भाजतात आणि हा त्रास लगेच न होता सहसा सहा ते बारा तासांनी सुरू होतो. म्हणून काम करताना काही वाटत नाही. एक-दोन दिवसांत तो बहुधा बसतो आणि कारागीर पुन्हा तसाच कामाला लागतो. उष्णतेचे किरण वर्षानुवर्षे लागत राहिले तर मोतीबिंदूचा धोका वाढतो आणि अतिशय लख्ख प्रकाश डोळ्याच्या आतल्या पडद्याला इजा करू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर आणि वेल्डिंगचे अतिनील किरण हे दोन्ही कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पहिल्या गटात टाकले आहेत. (धुराचा प्रश्न वेगळा आहे. या हेल्मेटने धूर अडत नाही, हे मात्र ध्यानात असू द्यावे.)

डोळे आल्यावर बटाट्याच्या चकत्या ठेवणे वगैरे घरगुती इलाज चालतात. थंडाव्याने बरे वाटते, एवढेच. पण मेडिकलमधून डोळे बधिर करणारे थेंब आणून वारंवार घालण्याची रीत फार वाईट आहे. त्या थेंबांनी दुखणे जाणवत नाही आणि भाजलेला थर भरून येणे मात्र लांबते. त्रास होत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे.

काळ्या चष्म्याचा हिशेबही एकदा पाहू. साधा गडद गॉगल शंभरातला दहा ते वीस भाग प्रकाश आत सोडतो. वेल्डिंगच्या काचेच्या मापात तो जेमतेम ३ नंबर झाला. १० नंबरची वेल्डिंगची काच सुमारे सात हजारांतला एक भाग आत सोडते आणि ११ नंबरची सुमारे एकोणीस हजारांतला एक. एक नंबर वाढला की प्रकाश पावणेतीनपटीच्या आसपास कमी होतो. गॉगल लावून वेल्डिंग करणे म्हणजे मुसळधार पावसात डोक्यावर रुमाल धरणे.

ही काच काळी कशी होते

ऑटो-डार्क काच ही एक काच नसून थर आहेत. सर्वांत पुढे अत्यंत पातळ लेप दिलेली काच असते. अतिनील आणि अवरक्त किरण अडवण्याचे काम मुख्यतः तिचे. हा लेप विजेवर चालत नाही. काच उघडी असो, काळी असो किंवा बॅटरी संपलेली असो, तो आपले काम करतच असतो. त्याच्या मागे द्रव-स्फटिकाचे थर असतात. कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर आकडे काळे उमटतात, जवळपास तसाच प्रकार. पुढच्या बाजूला असलेल्या बारीक सेन्सरांना ठिणगी दिसली की सर्किट त्या थरांना वीज देते आणि सेकंदाच्या दहा हजाराव्या ते पंचवीस हजाराव्या भागात काच काळी होते. एरवी ती ३ किंवा ४ नंबरवर असते, म्हणजे गडद गॉगलइतकी.

यावरून दोन गैरसमज दूर व्हावेत. पहिला असा की, काच काळी व्हायला जरा उशीर झाला की डोळे जळाले. माल अस्सल असेल तर तसे नाही, कारण भाजणारे किरण पुढच्या लेपाने आधीच अडवलेले असतात. उशीर झाला तर दिसणाऱ्या प्रकाशाचा झटका बसतो आणि दिवसभर असे झटके बसले की संध्याकाळी डोळे शिणतात, डोके दुखते. दुसरा गैरसमज जास्त धोक्याचा. दुकानदार हेल्मेटसमोर लायटर पेटवतो, काच झटकन काळी होते आणि गिऱ्हाईक खूष होऊन पैसे मोजते. लायटरने एवढेच कळते की सेन्सर आणि सर्किट जिवंत आहे. पुढचा लेप खरा आहे की नाही, हे लायटर सांगत नाही, आणि आपला डोळाही सांगू शकत नाही.

कापडाच्या धंद्यात आम्ही पोत बोटाने ओळखतो, वजन हाताने ओळखतो. रंग पक्का आहे की कच्चा हे मात्र पहिल्या धुण्यापर्यंत कळत नाही. तिथे मिलचे नाव आणि व्यापाऱ्याचा शब्द यावरच विसंबावे लागते. हेल्मेटचे तसेच आहे. जे हाताने, डोळ्याने तपासता येते ते दुकानात उभे राहून तपासावे. जे तपासता येत नाही त्यासाठी मार्क, कागद आणि विकणाऱ्याची पत पाहावी. चार पैसे जास्त द्यायचेच असतील तर या दुसऱ्या गोष्टीसाठी द्यावेत. हेल्मेटवर काढलेल्या कवटीच्या नाहीतर गरुडाच्या चित्रासाठी देऊ नयेत. बाजारात हल्ली त्या चित्रांचेच पैसे जास्त लागतात.

मार्क कसा वाचावा

आपल्या देशात वेल्डिंगमध्ये डोळे व चेहरा सांभाळण्याच्या साधनांसाठी आयएस ११७९ हे भारतीय मानक आहे. ते मूळ १९६७ सालचे, म्हणजे आपोआप काळी होणारी काच निघण्याच्याही आधीचे. त्यामुळे ऑटो-डार्क माल विकणारे बहुधा युरोपचे किंवा अमेरिकेचे मानक दाखवतात.

युरोपचा मार्क काचेच्या चौकटीवर बारीक अक्षरांत असतो. तो साधारण असा : ४/९-१३, मग बनवणाऱ्याची अक्षरे, मग १/१/१/२, मग ३७९. पहिला ४ म्हणजे काच उघडी असतानाचा नंबर, ९-१३ म्हणजे काळी झाल्यावर कुठपासून कुठपर्यंत फिरवता येते ते. ३७९ हा मानकाचा क्रमांक, ईएन ३७९. मधले चार आकडे हे खरे मालाचे मोल सांगतात. पहिला आकडा नजर किती स्वच्छ राहते याचा, दुसरा काचेतून प्रकाश किती पसरतो याचा, तिसरा सगळीकडे काळेपणा सारखा आहे का याचा आणि चौथा तिरके पाहिले तर काळेपणा किती बदलतो याचा. प्रत्येक ठिकाणी १ उत्तम, ३ कनिष्ठ. चारही १ असलेला माल महाग असतो. आपल्या कामाला १/१/१/२ किंवा १/२/१/२ असा माल पुरेसा आहे, असे माझे मत. पहिल्याच जागी २ किंवा ३ असेल तर दिवसभर काम करणाऱ्याने तो घेऊ नये. त्यातून अक्षरे व कडा हलल्यासारख्या दिसतात आणि डोळे लवकर थकतात.

२०२१ साली आयएसओ १६३२१ हे नवे आंतरराष्ट्रीय मानक आले, त्याचा दुसरा भाग वेल्डिंगसाठी आहे. नव्या मालावर तो क्रमांक दिसेल, जुन्या मालावर ३७९. अमेरिकी मालावर झेड ८७ असे लिहिलेले असते. हेल्मेटच्या प्लास्टिकच्या कवचावर वेगळा मार्क हवा. युरोपच्या मालावर तो ईएन १७५ असतो, आणि पुढे एफ किंवा बी हे अक्षर असेल तर उडणाऱ्या तुकड्यांचा मार सोसण्याचा तो दर्जा आहे. बी हा एफपेक्षा मजबूत.

नुसती 'सीई' ही दोन अक्षरे पाहून समाधान मानू नये. ती छापायला छापखाना पुरे. दुकानदाराकडे किंवा कंपनीकडे तपासणीचा दाखला मागावा आणि त्यावरचा मॉडेल नंबर हातातल्या हेल्मेटशी जुळतो का ते पाहावे. नावाच्या कंपन्या दाखला देतात. जो म्हणतो, "भाई, दाखला कशाला, सगळे हेच नेतात," त्याच्याकडून ग्राइंडिंगच्या चकत्या खुशाल घ्याव्या, हेल्मेट घेऊ नये.

आपल्या कामाला कोणता नंबर

काळेपणाचा नंबर करंटवर ठरतो. आपल्याकडे ग्रिल-शटरच्या कामात १२ नंबरचा म्हणजे अडीच मिलिमीटरचा रॉड साधारण ६० ते ९० अँपिअरवर चालतो आणि १० नंबरचा, म्हणजे ३.१५ मिलिमीटरचा, ९० ते १३० च्या आसपास. या कामाला १० किंवा ११ नंबर ठीक. जाड प्लेट, ४ मिलिमीटरचा रॉड, करंट १६० च्या वर गेला की १२ लागतो. मिगला त्याच करंटवर ११-१२ धरावा. टिगची ठिणगी शांत दिसते म्हणून फसू नये; ५० ते १५० अँपिअरच्या टिगला अमेरिकेतले तक्ते १२ नंबर सुचवतात. ५० च्या खाली १० चालतो.

ठरवण्याची सोपी पद्धत अशी : आधी जास्त काळा नंबर ठेवावा आणि मग एकेक खाली यावे. वितळलेल्या लोखंडाचे डबके आणि त्याची कड स्पष्ट दिसू लागली की थांबावे. 'जास्त उजेड म्हणजे चांगले काम' असे समजून ८ वर उतरू नये. उलट भीतीपोटी १३ वर ठेवणारा कारागीर नीट दिसावे म्हणून तोंड ठिणगीजवळ नेतो आणि धूर नाकात घेतो, तेही नको. म्हणून ९ ते १३ फिरणारा माल घ्यावा. स्वस्तातल्या काही हेल्मेटमध्ये ११ हा एकच ठरलेला नंबर असतो. एकाच प्रकारचे काम करणाऱ्याला ते पुरेल, फॅब्रिकेशनच्या दुकानाला पुरणार नाही.

सेन्सर दोन की चार

खर्च करायचा असेल तर मार्कनंतर या गोष्टीसाठी करावा. सेन्सर ठिणगी पाहतो तेव्हाच काच काळी होते. टेबलावर सपाट जॉब ठेवून काम असेल तर दोन सेन्सर भागवतात. पण आपले काम तसे कुठे असते? कारागीर शटरखाली आडवा पडलेला असतो, लूमच्या फ्रेममध्ये हात घालून बसलेला असतो, पाइपच्या मागच्या बाजूला रॉड लावत असतो. अशा वेळी पाइप, हात किंवा होल्डरच सेन्सरच्या आड येतो आणि काम चालू असताना काच मध्येच उघडते. हा झटका सर्वांत वाईट, कारण त्या क्षणी डोळा ठिणगीवर रोखलेला असतो. चार सेन्सर असतील तर एखादा तरी मोकळा राहतो.

स्टेनलेस स्टीलच्या रेलिंगचे काम करणाऱ्यांनी तर चार सेन्सरशिवाय घेऊच नये. टिगवर ३०-४० अँपिअरची ठिणगी इतकी लहान असते की साधा सेन्सर तिला ओळखतच नाही. कंपनीच्या कागदावर टिगसाठी कमीत कमी किती अँपिअर चालतात ते लिहिलेले असते. तिथे ५ किंवा १० असेल तर उत्तम. काहीच लिहिलेले नसेल तर ते हेल्मेट टिगसाठी नाही असे समजावे.

काळे होण्याच्या वेगाबद्दल डब्यावर मोठमोठे आकडे असतात. सेकंदाचा दहा हजारावा भाग कामचलाऊ, वीस-पंचवीस हजारावा चांगला. दिवसाला शेकडो टाके मारणाऱ्याला हा फरक संध्याकाळी जाणवतो. पण दीड हजारांच्या मालावर 'तीस हजारावा भाग' असे छापले असेल तर ती शाई समजावी.

आतल्या दोन बटणांची माहिती करून घ्यावी. एक संवेदनशीलतेचे. उन्हात काम असेल किंवा शेजारी दुसरा वेल्डर काम करत असेल तर ते कमी ठेवावे, नाहीतर काच उगाच मिटत-उघडत राहते. टिगला ते वाढवावे. दुसरे, ठिणगी विझल्यावर काच किती वेळाने उघडावी याचे. जाड कामात डबके विझल्यावरही लाल तापलेले असते, तिथे ते जास्त ठेवावे. टाके मारताना कमी. बटणे बाहेरच्या बाजूला असतील तर हातमोजा न काढता फिरतात, एवढी सोय.

एका बटणाची मात्र भीती बाळगावी : ग्राइंडिंगचे. ते लावले की ठिणगी पडली तरी काच काळी होत नाही, कारण ग्राइंडरच्या ठिणग्यांनी ती सारखी मिटू नये म्हणूनच ते असते. ग्राइंडिंग करून बटण परत न फिरवता रॉड लावला की लख्ख प्रकाश सरळ डोळ्यांत. ग्राइंडिंग चालू असताना हिरवा दिवा लुकलुकतो असे मॉडेल घ्यावे. कवचाला वरच्या दर्जाचा माराचा मार्क नसेल तर ग्राइंडिंगसाठी हे हेल्मेट वापरूच नये, वेगळा चष्मा लावावा.

सोलर आणि बॅटरी

'सोलर आहे, बॅटरीची चिंताच नाही' असे दुकानात सांगतात. बहुतेक हेल्मेटमध्ये वरच्या पट्टीतला सोलर सेल वेल्डिंगच्या प्रकाशावर चालून बॅटरीला हातभार लावतो, आणि आत बॅटरी असतेच. प्रश्न एवढाच की ती बदलता येते का. स्वस्त मालात ती आत बंद असते. ती संपली की पूर्ण काच फेकावी लागते. थोडे जास्त पैसे दिले की नाण्यासारखी गोल बॅटरी बदलता येणारा माल मिळतो. ती बॅटरी कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळते. दोन-तीन वर्षांचा हिशेब केला तर हाच माल स्वस्त पडतो. बॅटरी उतरल्याचा लाल दिवा असेल तर आणखी चांगले.

कपाळावरचा पट्टा

काचेकडे सगळे पाहतात, पट्ट्याकडे कोणी पाहत नाही. आणि हेल्मेट खुंटीला लटकून राहते ते बहुतेक वेळा पट्ट्यामुळेच. हलक्या प्लास्टिकचा पट्टा सहा महिन्यांत चिरतो, मागची फिरकी दाते सोडते आणि हेल्मेट नाकावर येते. मग कारागीर पुन्हा गॉगल काढतो. दुकानात पट्टा घट्ट करून मान चार वेळा खाली-वर करावी. हेल्मेट वर केल्यावर तिथेच थांबते का ते पाहावे. वजन अर्ध्या किलोच्या आसपास असावे. त्याहून बरेच जड असेल तर वरच्या सांध्याचे काम करताना मान बोलू लागते. घामाची पट्टी काढून धुता आली पाहिजे. आपल्या हवेत हा मुद्दा लहान नाही.

चाळिशी ओलांडलेल्या उस्तादांसाठी आणखी एक गोष्ट. जवळचे दिसेनासे झाले की टाका सरळ पडत नाही, आणि चष्म्यावर हेल्मेट नीट बसत नाही. काही हेल्मेटमध्ये आतल्या बाजूला भिंग सरकवण्याची खाच असते. ते भिंग वेगळे, थोड्या पैशांत मिळते. खाच आहे का ते आधीच विचारून घ्यावे.

दुकानात उभे राहून

पाच-दहा मिनिटे द्यावीत. काच उघडी असताना त्यातून बिलावरची बारीक अक्षरे वाचावीत. ती दुहेरी किंवा लाटेसारखी दिसली तर माल खाली ठेवावा. लायटर जरूर पेटवावा, पण एक सेन्सर मोकळा ठेवून बाकीचे बोटांनी झाकून, असे एकेक सेन्सर तपासावेत. काही मालात चार भोके आणि दोनच सेन्सर निघतात. काच उघडायचा वेळ जास्तीत जास्त ठेवून लायटर पुन्हा पेटवावा आणि काळ्या काचेतून तिरके पाहावे. एखादा कोपरा फिकट राहत असेल तर तिसरा व चौथा आकडा डब्यावर काहीही असो, माल हलका आहे. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली संवेदनशीलता मध्यावर असताना काच लुकलुकता कामा नये. सूर्याकडे पाहून मात्र हेल्मेट तपासू नये. दुकानावर नेल्यावर पहिल्यांदा दुसऱ्याला टाके मारायला सांगून दोन-तीन मीटरवरून पाहावे, मग स्वतः हातात होल्डर घ्यावा.

काचेच्या आकाराचेही पाहावे. ११० बाय ९० मिलिमीटर मापाची काच-पेटी पुष्कळ कंपन्यांची सारखी असते. असे माप असेल तर उद्या नुसती काच बदलता येते, पूर्ण हेल्मेट टाकावे लागत नाही.

पैसे कुठे आणि किती

हजार-दीड हजारांत मिळणाऱ्या बेनामी मालापेक्षा नावाच्या कंपनीची साधी ११ नंबरची काच आणि साधे डोक्यावरचे हेल्मेट बरे, असे मी स्पष्ट सांगतो. साध्या काचेत बिघडण्यासारखे काही नाही. ती गैरसोयीची आहे, पण धोका देत नाही. तीन हजारांच्या पुढे ऑटो-डार्कचा विचार करावा. या पट्ट्यात ९ ते १३ नंबर, चार सेन्सर, बदलता येणारी बॅटरी आणि दाखला असलेला माल शोधला तर मिळतो. पाच ते दहा हजारांच्या आसपास वेल्डिंग मशीन बनवणाऱ्या नामांकित कंपन्यांची मधल्या दर्जाची हेल्मेटे येतात. रोज आठ तास ठिणगीसमोर बसणाऱ्याने इथपर्यंत जावे. त्याच्या वरचा माल नजरेला आणखी स्वच्छ आणि पट्ट्याला आणखी आरामशीर असतो. जहाजाच्या किंवा पाइपलाइनच्या कामावर, आखातात जाणाऱ्या कारागिराला तो शोभतो. गल्लीतल्या दुकानाला त्याची गरज नाही.

मात्र हिशेब एकाच हेल्मेटचा करू नये. जॉब धरणारा हेल्पर ठिणगीपासून दीड-दोन फुटांवर असतो आणि तोंड वळवून उभा राहतो. समोरच्या पत्र्यावरून, भिंतीवरून उलटून येणारे किरण त्याच्या डोळ्यांत जातातच. उस्तादाने आठ हजारांचे हेल्मेट घालावे आणि शागीर्दाने उघड्या डोळ्यांनी अँगल धरावा, हा कसला हिशेब? उस्तादासाठी पाच हजारांचे घेऊन उरलेल्या पैशांत हेल्परला काळ्या काचेचे साधे हेल्मेट द्यावे. त्याला टाका कुठे पडतो ते दिसण्याची गरज नसते, जॉब हलू न देणे एवढेच त्याचे काम. दोन वेल्डर पाठीला पाठ लावून बसत असतील तर मध्ये जाड, गडद ताडपत्रीचा पडदा टांगावा. मागून हेल्मेटमध्ये शिरणारा प्रकाश आतल्या काचेवर उलटून डोळ्यांत येतो.

घेतल्यावर जपण्याच्या गोष्टी थोड्याच आहेत. पुढची पारदर्शक प्लास्टिकची पट्टी नसताना हेल्मेट एक मिनिटही वापरू नये; वितळलेल्या लोखंडाचा एक थेंब मूळ काचेवर पडला की हजारोंचे नुकसान. ही पट्टी थोड्या पैशांची असते, म्हणून हेल्मेटसोबतच पाच-दहा घेऊन ठेवाव्यात. आणि त्या मापाच्या पट्ट्या या गावात मिळतील का, हे पैसे देण्याआधी विचारावे. काच पाण्यात बुडवून धुऊ नये, ओल्या मऊ कापडाने पुसावी. हेल्मेट उन्हात पत्र्यावर किंवा टेम्पोच्या काचेमागे ठेवू नये, कारण बहुतेक कंपन्या ५५ अंश सेल्सिअसपर्यंतचीच हमी देतात. वॉरंटी बहुधा काच-पेटीवर असते, पट्ट्यावर नसते. ती मिळते जीएसटीच्या बिलावर, म्हणून बिलावर मॉडेल नंबर लिहून घ्यावा आणि बिलाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. कागदी बिलाची शाई वर्षभरात उडून जाते.